माऊस बाजूला ठेवून फेडर हातात घ्यायचाय? कंट्रोल सरफेस निवडण्याआधी हे वाचा

दोन तासांचं कीर्तन एकदा माऊसने मिक्स करून बघा, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. बुवा निरूपणात आवाज पार कुजबुजीपर्यंत खाली आणतात आणि पुढच्याच क्षणी टाळकऱ्यांकडे वळून चाल सोडतात, त्या वळण्यात तोंड माईकपासून हातभर लांब गेलेलं असतं आणि नेमके त्याच वेळी मागचे सगळे टाळ बुवांच्या माईकमध्ये घुसलेले असतात. कम्प्रेसर (मोठा आणि बारीक आवाज एकमेकांच्या जवळ आणणारं साधन) जोरात लावला की तो टाळच वर उचलतो, नाही लावला तर निरूपण बुडतं. मग उरतं एकच, ऐकत ऐकत वाक्यावाक्याला लेव्हल वर-खाली करत जायचं. हे मी तीन वर्षं माऊसने एकेक पॉइंट टाकत केलं आणि मग मनगट बोलायला लागलं.

मी साताऱ्यात घरच्याच एका खोलीत काम करते. कीर्तनं, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, अधूनमधून एखादी एकांकिका किंवा ऑडिओबुक. माऊसला पर्याय म्हणून कंट्रोल सरफेस, म्हणजे फेडर (लेव्हल वर-खाली करायची सरकती दांडी), नॉब आणि बटणं असलेला खोका, घेताना मी दोनदा पैसे घालवले, तिसऱ्यांदा बरोबर घेतला. दोन्ही वेळेला आधी वस्तूच्या प्रेमात पडले आणि मग घरी आणून हिचं करायचं काय ते शोधत बसले. तुमचं तसं होऊ नये म्हणून ज्या क्रमाने विचार करायला हवा होता त्या क्रमाने लिहितेय.

एक शब्द आधीच ठरवून घेऊ. रीपर, क्युबेस, लॉजिक, स्टुडिओ वन, प्रो टूल्स या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून लोक ‘डॉ’ (DAW) म्हणतात, पण लिहिलं की पुढे डॉक्टरांचं नाव येणार असं वाटतं, म्हणून मी इथे सरळ सॉफ्टवेअर म्हणते.

१. पहिली गोष्ट : यातून आवाज जात नाही

हसू नका, मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं की याला माईक कुठे लावायचा. कंट्रोल सरफेस हा रिमोट आहे. टीव्हीच्या रिमोटमधून जसा आवाज येत नाही तसाच यातूनही येत नाही, फेडर वर केला की फक्त ‘फेडर वर गेला’ एवढा निरोप यूएसबीने कॉम्प्युटरला जातो. माईक, हेडफोन, स्पीकर सगळं तुमच्या ऑडिओ इंटरफेसलाच (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्याला) राहणार. तेव्हा इंटरफेस अजून घेतलेला नसेल तर हा लेख मिटवा आणि आधी तो घ्या.

याची उलटी चूक म्हणजे दुकानात गेल्यावर ‘हा बघा यूएसबी मिक्सर, बारा चॅनल, त्याच किमतीत’ असं ऐकून तो उचलून आणणं. यूएसबी मिक्सरमधून आवाज कॉम्प्युटरला जातो हे खरं, पण त्याचा फेडर हलवला म्हणून सॉफ्टवेअरमधला फेडर हलेलच असं नाही, बहुतेकांत नाहीच हलत. काही मिक्सर दोन्ही कामं करतात, टॅस्कॅमच्या मॉडेल १२ मध्ये सॉफ्टवेअर कंट्रोल करायची सोय आहे (फेडरला मोटर मात्र नाही), बेहरिंगरच्या एक्स३२ मध्येही तसा मोड आहे. दुकानात प्रश्न एकच विचारा, ‘याचा फेडर हलवल्यावर रीपरमधला फेडर हलतो का, दाखवा.’ दाखवलं तरच पुढचं बोलणं.

आणि यामुळे आवाज सुधारत नाही, अजिबात नाही. आवाज बदलतो तो तुमच्या निर्णयांमुळे, आणि निर्णय घेताना डोळे स्क्रीनवरून निघून कानाकडे गेले तर बरेचदा बरे निर्णय होतात, एवढाच काय तो फायदा. माझ्यासाठी तो पुरेसा होता.

२. दोन दिवस रेघा मारा

एक कागद घ्या, पाच रकाने पाडा : एका ट्रॅकची लेव्हल, बऱ्याच ट्रॅकची लेव्हल एकदम, प्लगइनचे (सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या इफेक्टचे) नॉब, प्ले-स्टॉप-मागे-पुढे, आणि कापाकापी. दोन दिवस नेहमीसारखं काम करा आणि माऊसने जे कराल त्याची त्या त्या रकान्यात एक रेघ मारा. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण मी हे आधी केलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

माझ्या कागदावर पहिला आणि चौथा रकाना भरून वाहिले. बुवांचा एक ट्रॅक, तो ऐकत ऐकत वर-खाली, चुकलं की दहा सेकंद मागे, परत. एकाच वेळी आठ फेडर हलवायची वेळ संपूर्ण कीर्तनात जयघोषाच्या वेळेला आली तेवढीच. आणि मी पहिल्यांदा काय घेतलं होतं? आठ फेडर, मोटर नाही.

तुमची रेघ कापाकापीत जास्त असेल, म्हणजे पॉडकास्टमधले ‘अं’ काढणं, ऑडिओबुकमधले श्वास कमी करणं असलं काम असेल, तर कंट्रोल सरफेसचा फार उपयोग नाही, कीबोर्डचे शॉर्टकट नीट पाठ करा, फुकटात होतं. प्लगइनचे नॉब जास्त असतील तर फेडरपेक्षा नॉबवाला कंट्रोलर बघा. एका ट्रॅकची लेव्हल जास्त असेल तर एक फेडर, आणि बऱ्याच ट्रॅकची एकदम असेल तर आठ.

पैसे खर्च करण्याआधी फुकटची चाचणीही करता येते. रीपरमध्ये वेब रिमोट आतच असतो, तो चालू केला की त्याच वायफायवरच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये फेडर दिसतात. लॉजिकवाल्यांना आयपॅडसाठी लॉजिक रिमोट फुकट आहे. आठवडाभर त्याच्यावर काम करा. काचेवर बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे खरा फेडर लागतोय की नाही हे तुम्हालाच समजेल. काहींना टॅबलेटच पुरतो, त्यांनी तिथेच थांबावं.

३. तुमचं सॉफ्टवेअर कोणती भाषा बोलतं?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश.

सरफेस आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. त्यातली मूळ भाषा मिडी, वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना निरोप पाठवतात ती, १९८३ सालची. तिच्या साध्या कंट्रोल मेसेजमध्ये आकडा ० ते १२७ एवढाच जातो, म्हणजे पूर्ण फेडरच्या १२८ पायऱ्या. सिंथच्या नॉबला हे चालतं. पण शेवटचा ‘पुंडलिक वरदा’ हळूहळू विरवत न्यायचा असेल तर फेडरच्या खालच्या टोकाला एकेक पायरी मोठी पडते आणि कान तीक्ष्ण असेल तर ते टप्पे ऐकू येतात.

म्हणून मिक्सिंगसाठी वेगळ्या भाषा आल्या. तीन नावं लक्षात ठेवली की काम भागतं.

एचयूआय : मॅकीने डिजिडिझाइनबरोबर प्रो टूल्ससाठी नव्वदच्या दशकात केलेली. जुनी आहे पण प्रो टूल्समुळे अजून जिवंत आहे.

मॅकी कंट्रोल, ज्याला एमसीयू पण म्हणतात : यात प्रत्येक फेडरची जागा पिच बेंडच्या (एरवी सूर वर-खाली वाकवायच्या) मेसेजने जाते, त्यात १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची जागा असते. प्रत्यक्षात बरेच फेडर १० बिट म्हणजे १,०२४ पायऱ्याच वाचतात, पण १२८ पुढे तेही भरपूर. रीपर, क्युबेस, लॉजिक, स्टुडिओ वन, एबलटन या सगळ्यांना ही भाषा कळते. बाजारातले निम्म्याहून जास्त सरफेस खोक्यावर वेगळं नाव लावून आतून हीच बोलतात.

यूकॉन : यूफोनिक्स कंपनीची, २०१० मध्ये ती कंपनी अ‍ॅव्हिडने घेतली. ही नेटवर्कच्या केबलवरून चालते, प्लगइनच्या आतपर्यंत पोचते, प्रो टूल्स, क्युबेस, नुएन्डो, लॉजिक यांत चालते. सरफेस मात्र अ‍ॅव्हिडचाच लागतो.

आता सापळा ऐका. प्रो टूल्सला मॅकी कंट्रोल थेट कळत नाही, त्याला एचयूआय नाहीतर यूकॉन लागतं. त्यामुळे मित्राकडे क्युबेसवर मस्त चालणारा सरफेस तुम्ही प्रो टूल्सला लावला आणि त्यात एचयूआय मोड नसेल तर तो नुसता पेपरवेट. बऱ्याच सरफेसमध्ये दोन्ही मोड असतात, चालू करताना ठरावीक बटणं दाबून धरली की मोड बदलता येतो. विकत घ्यायच्या आधी मॅन्युअल डाउनलोड करून तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं ‘मिडी कंट्रोलर’ लिहिलेलं असेल आणि मॅकी किंवा एचयूआय कुठेच दिसत नसेल तर समजायचं की एकेक फेडर तुम्हाला हाताने शिकवत बसावा लागणार.

दुसरा छोटा सापळा बटणांवरच्या नावांचा. ती एखादं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असतात. तुमच्याकडे ‘सेव्ह’ लिहिलेलं बटण काहीच करत नाही आणि ‘फ्लिप’ दाबलं की पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारा नॉब) फेडरवर येतो, असं होतं. सरफेस बिघडलेला नसतो. कागदी टेप आणि बारीक मार्कर आणा, स्वतःची नावं चिकटवा.

४. मोटर आणि टच : पैसे वाचवायचेत ना, इथे वाचवू नका

मोटर नसलेल्या फेडरचं दुखणं असं. पहिल्या आठ ट्रॅकवर काम केलंत, बटण दाबून पुढच्या आठवर गेलात. सॉफ्टवेअरमध्ये नवव्या ट्रॅकचा फेडर खाली आहे, तुमच्या हातातला मात्र आधीच्या ट्रॅकमुळे वरच राहिलेला. जरा हात लागला की लेव्हल टुणकन वर. यावर उपाय म्हणून ‘पिकअप’ नावाची सोय असते, म्हणजे हातातला फेडर सॉफ्टवेअरच्या फेडरच्या जागी पोचेपर्यंत काहीच होत नाही, पोचला की पकडतो. कागदावर ठीक वाटतं. प्रत्यक्षात बुवांनी वाक्य सुरू केलेलं असतं आणि तुम्ही अंधारात जिना चाचपावा तसा फेडर शोधत असता.

मोटरवाला फेडर स्वतःहून जागेवर जातो. आधी केलेलं ऑटोमेशन (सॉफ्टवेअरने लिहून ठेवलेली फेडरची हालचाल) वाजवलं की समोर फेडर आपोआप नाचतो, माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, ‘अगं, कोण हलवतंय ते?’

टचचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. ऑटोमेशनचा ‘टच’ मोड असतो : फेडरला बोट लागलं की लिहायला सुरुवात, बोट सुटलं की जुन्या लेव्हलवर परत. चुकलेलं एकच वाक्य दुरुस्त करायचं असेल तर यासारखी सोय नाही, वाक्य आलं की बोट ठेवायचं, संपलं की सोडायचं, पुढचं-मागचं जसंच्या तसं. पण बोट लागलंय हे सॉफ्टवेअरला कळायला फेडरच्या बोंडाला स्पर्श ओळखता यायला हवा. म्हणून माहितीपत्रकात ‘मोटराइज्ड’ आणि ‘टच सेन्सिटिव्ह’ हे दोन्ही शब्द शोधा. नख लागून चालत नाही, बोटाची कातडी लागते.

लांबी पण बघा. १०० मिलिमीटरचा फेडर हा स्टुडिओतला नेहमीचा, स्वस्तातल्यांचे ६० किंवा त्याहून आखूड असतात. आपलं सगळं बारीक काम शून्य डीबीच्या आसपास चालतं, तिथे बोटाला जितकी जागा मिळेल तितकं सोपं.

आणि फेडरच्या बाजूला छापलेल्या डीबीच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. लॉजिकचा फेडर वर +६ ला संपतो, स्टुडिओ वनचा +१० ला, प्रो टूल्स आणि रीपरचा +१२ ला. छापील पट्टी या सगळ्यांना बरोबर कशी असेल? आकडा स्क्रीनवरच वाचायचा.

मोटरचा एक तोटा सांगायलाच हवा, ती वाजते. बारीक ‘झर्र’ असा आवाज येतो. माईक त्याच खोलीत असेल आणि ऑटोमेशन चालू ठेवून तुम्ही कोणाचं निवेदन रेकॉर्ड करत असाल तर तो आवाज त्यात येतो, माझ्या एका ऑडिओबुकचं अख्खं प्रकरण त्यामुळे परत वाचून घ्यावं लागलं.

५. एक की आठ?

लोकांना आठ हवे असतात कारण आठ दिसायला स्टुडिओसारखे दिसतात. मलाही तेच हवं होतं.

आठ कोणाला घ्यावेत : ज्यांच्याकडे बँड, ऑर्केस्ट्रा, नाटकाचं मल्टिट्रॅक असं काम आहे आणि जे दोन्ही हातांनी मिक्स करतात. पण चाळीस ट्रॅकच्या प्रोजेक्टमध्ये आठ फेडर म्हणजे आठांच्या पाच खिडक्या, कुठल्या खिडकीत आहोत हेच शोधण्यात वेळ जातो. त्यावर युक्ती अशी की बस नाहीतर फोल्डर (बरेच ट्रॅक एकत्र करणारा ट्रॅक) करून प्रोजेक्टमध्ये सगळ्यात वर आणायचे : बुवा, चोपदार-वीणेकरी, टाळ, पखवाज, पेटी, कोरस, हॉलचा आवाज, रिव्हर्ब. झाले आठ. बाकीच्यांची लेव्हल एकदा लावली की त्यांच्याकडे परत जायची गरज फारशी पडत नाही. आठवाला घेणार असाल तर ट्रॅकची नावं दाखवणारी छोटी पट्टी प्रत्येक फेडरवर आहे ना ते बघा, नसेल तर दहाव्या मिनिटाला तुम्ही पखवाज समजून पेटी खाली कराल.

एक कोणाला : जो एकटा काम करतो, एका वेळी एकच गोष्ट ऐकतो, आणि ज्याच्या टेबलावर जागा कमी आहे. ट्रॅक निवडला की फेडर त्याच्या जागी जाऊन बसतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर तेवढ्याच पैशात मोटर नसलेले आठ आणि मोटर-टचवाला एक असा प्रश्न आला तर डोळे मिटून एक घ्या. लाइव्ह कार्यक्रमात लूप वाजवणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांना मोटर नसलेलेच सोयीचे पडतात.

६. बाजारात काय काय आहे

किमती सतत बदलतात म्हणून आकडे देत नाही, उतरंड सांगते.

सगळ्यात खाली मोटर नसलेले : कॉर्ग नॅनोकंट्रोल २ (आठ छोटे फेडर, आठ नॉब, दप्तरात मावतो), अकाई मिडीमिक्स, नोव्हेशन लाँच कंट्रोल एक्सएल. शेवटच्या दोन्हींत चोवीस नॉब आहेत, म्हणजे ज्यांचा नॉबचा रकाना भरला त्यांच्यासाठी.

त्याच्या वर एक फेडरवाले : प्रीसोनस फेडरपोर्ट आणि बेहरिंगर एक्स-टच वन. दोन्हींना १०० मिलिमीटरचा मोटर आणि टच असलेला फेडर आहे. माझ्यासारख्यांसाठी शोध इथेच संपतो.

मग आठच्या घरात बेहरिंगर एक्स-टच (आठ अधिक एक मास्टर, प्रत्येक चॅनलला नॉब आणि नावाची पट्टी), प्रीसोनस फेडरपोर्ट ८ आणि १६ (यांत प्रत्येक चॅनलला वेगळा नॉब नाही, पॅन एकाच नॉबने करायचा, पण स्टुडिओ वनशी जोडी छान जमते), आणि आयकॉनचे बरेच प्रकार. एक्स-टच आकाराने मोठा आहे, पुढचा मुद्दा वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका.

सगळ्यात वर एसएसएल यूएफ८ आणि अ‍ॅव्हिड एस१. यूएफ८ ला कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर पाठीमागे चालू ठेवावं लागतं, एस१ यूकॉनवर चालतो आणि मीटर वगैरे बघायला त्याच्यावर टॅबलेट ठेवायची खाच असते. भारतात यूएफ८ चांगलाच महाग पडतो. ज्यांचं रोजचं पोट यावर आहे त्यांनी जरूर विचार करावा, माझ्या खोलीत तो सोन्याचा तांब्या ठरला असता.

७. टेबल मोजा, प्लग मोजा

माहितीपत्रकात लांबी-रुंदी दिलेली असते. त्या मापाचा जुना पेपर कापा, टेबलावर जिथे सरफेस ठेवणार तिथे चिकटवा आणि दोन दिवस त्या कागदावर कीबोर्ड-माऊस न ठेवता काम करून बघा. मी एका आठ फेडरवाल्याचा कागद कापला तेव्हा कीबोर्ड मांडीवर आला आणि विषय संपला.

मोटरला करंट लागतो, म्हणून असे बहुतेक सरफेस नुसत्या यूएसबीवर चालत नाहीत किंवा चालले तरी मोटर झोपते. वेगळा अ‍ॅडॉप्टर किंवा पॉवर केबल येते, तिला प्लग हवा. परदेशातून कोणी आणणार असेल तर अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते फोटो मागवून बघा, आणि तिकडची वॉरंटी इथे चालेल का तेही कंपनीला आधी विचारा.

अर्थिंगचा मुद्दा मी शिकले तो असा. माझा नवा फेडर हातात भांडायचा. मी वर नेतेय, तो खाली ओढतोय, सोडला की थरथरतोय. टच ओळखण्यासाठी शरीर आणि जमीन यांच्यातल्या नात्यावर सगळं अवलंबून असतं, आणि माझा लॅपटॉप दोन पिनी चार्जरवर, बाकी सगळं एका एक्स्टेंशनवर, आणि त्या बोर्डाचं अर्थिंग नावापुरतं. वायरमनकाकांनी टेस्टर लावून दोन मिनिटांत सांगितलं, ‘ताई, ही वायर कुठेच जात नाहीये.’ ती जोडली, फेडर शहाण्यासारखा वागायला लागला. जुन्या घरात राहत असाल तर फेडर बदलून मागायच्या आधी बोर्ड बघा.

८. सेकंडहँड घेताना

माझी दुसरी चूक ही. जुना, मोटरवाला, आठ फेडरचा, स्वस्तात मिळाला. फोटोत चकाचक. घरी आल्यावर सहावा फेडर निम्म्यावर अडकायचा आणि तिसऱ्याला टचच नव्हता. विकणाऱ्याने ‘माझ्याकडे तर चालत होता’ म्हटलं आणि फोन उचलणं बंद केलं.

म्हणून लॅपटॉप घेऊन जा, तिथेच जोडा आणि हे करा :

- सॉफ्टवेअरमधले सगळे फेडर एकदम वर न्या, मग खाली. सरफेसवरचे सगळे एका वेगाने गेले पाहिजेत, एखादा मागे राहिला, कण्हला किंवा टोकाला आपटत राहिला तर नको.
- विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, दोन्ही फुकट आहेत. ते उघडून एकेक फेडर सावकाश हलवा, आकडे सलग वाढायला हवेत. मधेच उडी म्हणजे आतली पट्टी खराब किंवा धूळ.
- प्रत्येक फेडरला नुसतं बोट लावा, हलवू नका. तेवढ्यानेही मेसेज यायला हवा.
- नॉब एका दिशेला फिरवताना आकडा मधेच उलटा जातोय का बघा.
- सगळी बटणं, सगळे दिवे.

सोबत मागायच्या गोष्टी : मूळ बिल, मागचा सीरियल नंबर बिलाशी जुळतोय का, मूळ अ‍ॅडॉप्टर (दुसरा कुठलातरी घेऊन ‘हा पण चालतो’ म्हणतील, नाही म्हणा), आणि यूएसबी केबल, बरेचदा ती प्रिंटरला असते तशा चौकोनी टोकाची असते. नवा घेतलात तर जीएसटी बिल आणि कंपनीच्या साइटवर रजिस्ट्रेशन त्याच दिवशी करून टाका. खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर.

९. घरी आणल्यावर जोडणी

१) यूएसबी थेट कॉम्प्युटरला लावा, स्वस्त हबला नाही. विंडोजवर शक्यतो रोज त्याच सॉकेटला, सॉकेट बदललं की कधी कधी तो नवीन डिव्हाइस समजतो आणि सेटिंग परत करावं लागतं.

२) आधी सरफेस चालू करा, मग सॉफ्टवेअर.

३) सरफेस योग्य मोडमध्ये आहे ना ते बघा, मॅकी की एचयूआय.

४) रीपर असेल तर प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल/ओएससी/वेब हे पान, तिथे अ‍ॅड, त्यात मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल. क्युबेसमध्ये स्टुडिओ सेटअप आणि वरचं अधिकचं चिन्ह. प्रो टूल्समध्ये सेटअप, पेरिफेरल्स, मिडी कंट्रोलर्स.

५) तिथे इनपुट आणि आउटपुट दोन्ही निवडा. मी फक्त इनपुट निवडला होता. फेडर हलवला की सॉफ्टवेअर हलायचं, सॉफ्टवेअर हलवलं की फेडर ढिम्म. मी मोटर जळाली म्हणून रडकुंडीला आले होते, आणि होतं काय, परतीचा निरोपच जात नव्हता.

६) कंपनीचं सेटिंगचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर बंद करा. विंडोजवर बरेचदा एक मिडी पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, त्याने धरून ठेवला की तुमच्या रीपरला मिळत नाही. अर्थात ज्यांना ते मुद्दाम चालू ठेवावं लागतं ते वेगळे.

७) सरफेसला ‘ऑल मिडी इनपुट्स’मधून काढून टाका. नाहीतर पेटीचा सॅम्पल ट्रॅक रेकॉर्डला लावलेला असताना तुम्ही फेडर हलवाल आणि पेटी बेसूर व्हायला लागेल, कारण फेडर पिच बेंडच पाठवतोय! क्युबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपमध्ये त्या ओळीसमोरची खूण काढायची.

फर्मवेअरचा (सरफेसच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आला म्हणून लगेच करू नका, हातातलं काम संपल्यावर करा, आणि लाइट जायची शक्यता असेल तर यूपीएसवर. अर्ध्यात लाइट गेली तर सरफेस उठायचाच नाही अशी वेळ येऊ शकते.

१०. पहिले पंधरा दिवस

पहिले चार दिवस तुम्ही माऊसपेक्षा हळू काम कराल आणि पैसे वाया गेले असं वाटेल. फक्त तीन गोष्टी फेडरवर करा : प्ले-स्टॉप, ट्रॅक निवडणं आणि एका आवाजाची लेव्हल. बाकी सगळं माऊसनेच. आठवड्यानंतर सोलो-म्यूट. प्लगइनचे नॉब सगळ्यात शेवटी, काहींना ते कधीच लागत नाहीत.

आवाज राइड करताना (म्हणजे ऐकत ऐकत लेव्हल वर-खाली करताना) पहिल्या फेरीत ‘लॅच’ मोड वापरा, त्यात बोट सुटलं तरी शेवटची लेव्हल लिहीत राहते, म्हणजे सगळ्या अभंगाची ढोबळ रेघ मिळते. दुसऱ्या फेरीत ‘टच’ लावून फक्त चुकलेली वाक्यं. काम झालं की ‘रीड’वर (ज्यात लिहिलेलं ऑटोमेशन नुसतं वाजतं) आणायला विसरू नका, नाहीतर नुसतं ऐकताना फेडरला कोपर लागतं आणि बुवा मधल्या चरणात गायब होतात.

पातळ सुती कापडाचं झाकण शिवून घ्या, इलॅस्टिक लावून, मी ब्लाउजपीसचं केलंय. रस्त्याचं काम चालू असेल तर फेडरच्या फटीत धूळ जाते, आणि पावसाळ्यात कळकट होतं ते वेगळंच. साफ करताना फटीत स्प्रे मारू नका, मऊ ब्रश पुरतो. चहाचा कप फेडरच्या वरच्या बाजूला कधीही नाही, खालच्या टेबलावर, डावीकडे.